कोऱ्या फॉर्मवरचा अंगठा

नाव

"इथं अंजली लिव्ह, मावशे."

मंगलचं पेन कागदावरच थांबलं. समोर शिबिराचा फॉर्म होता. तळाशी निळ्या शाईतला एक अंगठा आणि वर सगळं कोरं. अंगठा शहादेवचा. शहादेव आणि त्याची बायको कडूबाई दोन महिन्यांपूर्वीच टोळीबरोबर ऊस तोडायला जमखंडीकडं गेले होते. ज्याचा फॉर्म भरायचा होता ते त्यांचं थोरलं लेकरू, आठवीतलं, मंगलच्या शेजारी बसून कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याचा कोपरा बोटानं दाबून धरत होतं.

केज तालुक्यातल्या त्या हंगामी वसतिगृहात हे असंच चालायचं. दिवाळी झाली की टोळ्या निघायच्या. आदल्या दिवशी आईबाप लेकरांना घेऊन यायचे, तिथं स्वयंपाक करणाऱ्या मंगलच्या हवाली करायचे आणि आठ-दहा कोऱ्या फॉर्मवर अंगठे देऊन जायचे. लस, दवाखाना, सहल, शिबिर. पाच महिन्यांत काय लागेल कुणी सांगावं. वरचा मजकूर मंगल मागून भरायची. एकवीस वर्षांत एकाही बापानं विचारलं नव्हतं की माझ्या अंगठ्यावर काय लिहिलंस. वसतिगृहात राहिलेलं लेकरू शाळेत राहतं आणि बरोबर नेलेल्याच्या हातात कोयता येतो, एवढं सगळ्यांना कळत होतं.

"शाळंत तर सत्यम हाय," मंगल म्हणाली.

"शाळंत ऱ्हाऊ दे. ह्यो शिबिराचा कागद हाय. त्या मॅडम म्हन्ल्या न्हाईत का, ज्याला जे वाटतंय त्येच लिव्हायचं. कुनी हासायचं न्हाई."

मंगलला नवल वाटलं नाही. पाचवीत असल्यापासून हे पोर जेवायला मुलींच्या पंगतीत बसायचं. मुलींनाही त्याचं काही वाटेनासं झालं होतं. निघताना कडूबाई दर वर्षी एवढंच म्हणायची, ह्येच्याकडं जरा बघ. का बघायचं ते तिनं सांगितलं नव्हतं आणि मंगलनं विचारलं नव्हतं.

"तुज्या बापाला फोनवर इचारू का?"

"इचारल्यावर न्हाईच म्हनतेल. पाच दिस तर हाईत, मावशे."

मंगलनं लिहिलं. अंजली शहादेव. अक्षर नेहमीपेक्षा जरा मोठं आलं.

लिंग

पूर्वी इथं दोन चौकोन असायचे, मुलगा आणि मुलगी. या वर्षी तीन होते. शेवटचा, इतर.

तिसरा चौकोन पुण्याहून आला. वसतिगृह चालवणाऱ्या नवी वाट किशोर संघाला पुण्यातली एक मोठी संस्था मदत करायची आणि तिथल्या मॅडम डिसेंबरात चौतीस पानांचं धोरण घेऊन आल्या होत्या. बालसंरक्षण व सर्वसमावेशकता. भिंतीवर चित्रं दाखवली, आधी कार्यकर्त्यांना, मग मुलांना. मॅडम मनानं चांगल्या होत्या. मुलांच्या पुढं मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या की आपण आतून जे आहोत ते सांगायची भीती कुणालाही वाटता कामा नये, आमच्या शिबिरात तरी नाही. मागं भिंतीला टेकून हरभरे निवडत बसलेल्या मंगलनं ते ऐकलं. तिला ते पटलं. ज्याच्या त्याच्या तोंडावर असं उघड बोलणारं माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिलं होतं.

मॅडमची गाडी गेल्यावर संघाचे सचिव निवृत्ती सर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. अहवालात तिसरा रकाना आहे, म्हणाले, आणि मराठवाड्यातून अजून कुणाचाच भरून आलेला नाही.

"आपल्यातलं ते पोरगं हाय ना, शहादेवचं? चालतंय बघा तसं. येक जरी भरला तरी आपलं नाव वर जातंय."

मंगलला वाटलं, सरांनी परवानगी दिली.

तिनं तिसऱ्या चौकोनात खूण केली. पोरीनं मान लांब करून पाहिलं. "इतर म्हंजी?"

"तू."

"मी एकटीच?"

"औंदा एकटीच."

"मधल्या चौकटीत का न्हाई केलीस?"

सरांनी तिसरा सांगितला होता.

पोहता येते का

नाही. बेचाळीस फॉर्मवर बेचाळीस वेळा नाही. हा रकाना पुण्यात छापला होता.

निवासाची व्यवस्था

शिबिर लिंबागणेशच्या पुढं माळावर होतं. मुलींचे दोन तंबू, मुलांचे तीन. धोरणाच्या पंचविसाव्या पानावर लिहिलं होतं की तिसऱ्या चौकोनातल्या शिबिरार्थीची व्यवस्था स्वतंत्र, सुरक्षित आणि सन्मानपूर्वक करावी. स्वतंत्र अशी एकच खोली होती. त्या खोलीत तांदळाची पोती होती.

निवृत्ती सरांनी दोन पोती हलवायला लावली, सतरंजी टाकली आणि दाराला पाटी लावली, स्वतंत्र निवास - इतर. पाटीचा फोटो काढला.

पाटी पोरीनं वाचली. तिला मुलींच्या तंबूत झोपायचं होतं. त्या पाच दिवसांकडून तिला एवढंच हवं होतं. वसतिगृहात मुलगे एका खोलीत, मुली एका खोलीत आणि मधल्या उंबऱ्यात मंगल आडवी, असं एकवीस वर्षं चाललं होतं. धोरण म्हणून मंगलला माहीत होतं ते तेवढंच. मुलग्यांच्या खोलीत या पोरीची सतरंजी दाराच्या अगदी कडेला, मंगलच्या हाताच्या अंतरावर असायची.

"मावशे, तू कुटं झोपनार?"

"तुज्या दारात."

"मंग पोरींच्या दारात कोन?"

त्या वर्षीपासून पोरींच्या दारात प्रशिक्षण घेतलेल्या ताई होत्या, ओळखपत्र गळ्यात घातलेल्या. मंगलनं तसं सांगितलं. पोरीनं पोत्याला पाठ टेकली.

पण पहिल्या दिवशी सकाळी गाठींच्या खेळात ती सगळ्यांच्या पुढं गेली. चार प्रकारच्या गाठी, डोळे बांधून. खेळ घेणाऱ्या ताईनं फॉर्मवरून नाव पुकारलं, अंजली शहादेव. माळावर सगळ्या वसतिगृहांतली मिळून दीडशे पोरं होती. दोघं-तिघं हसले, मग टाळ्या पडल्या. मंगल चुलीपाशी होती. तिला फक्त पाठ दिसत होती, पण ती पाठ इतकी ताठ झालेली तिनं आधी कधी पाहिली नव्हती.

पालकांची संमती

अंगठा होता.

शहादेव तिसऱ्या दिवशी दुपारी आला. दोन एसट्या बदलून, शेवटी कुणाच्या तरी गाडीवर. ओरडला नाही. चुलीपाशी येऊन उभा राहिला, खिशातून मोबाइल काढला आणि मंगलच्या पुढं धरला.

मोबाइलवर तोच फॉर्म होता.

तो मंगलनंच पाठवला होता. दर वर्षी पाठवायची. शिबिराला पोचल्याबरोबर एकेका लेकराचा फॉर्म चुलीच्या उजेडात धरून फोटो काढायची आणि त्या त्या टोळीच्या मुकादमाच्या ग्रुपवर टाकायची. फॉर्मवर लेकराचा फोटो चिकटवलेला असतो, खाली आपला अंगठा असतो. फडात बसलेल्या आईबापांना त्यावरून कळायचं की पोर नीट पोचलं. ज्याला वाचता येतं तो बाकीच्यांना वाचून दाखवायचा. या वर्षीही डाळ शिजेपर्यंत तिनं बेचाळीस फोटो काढले. हाताला सवय होती. माहिती गोपनीय ठेवावी हे एकोणिसाव्या पानावर होतं. हात एकोणिसाव्या पानापर्यंत कधी गेला नव्हता.

"ह्यो अंगठा माजाच हाय ना?" शहादेवनं विचारलं.

"तुमचाच हाय, दादा."

"आन वरचं अक्षर?"

"माजं."

"बारा कोयत्याची टोळी हाय आमची. मुकादमानं बाराच्या बारा जोडप्यास्नी वाचून दावलं. वर म्हनला, शहादेव, तू तर अंगठा बी दिला की बे. म्या सांगाय लागलो, माजा अंगठा आधीचा हाय, हे मागून लिव्हलंय. कोन ऐकतंय?"

मंगल म्हणाली की चुकलं. फोटो पाठवायला नको होता.

"फोटूचं न्हाई," तो म्हणाला. मग चुलीकडं बघत बोलला. "मला काय दिसत न्हवतं व्हय, मंगलबाई? पोटचं हाय. त्ये कसं चालतंय, काय नेसाय बघतंय, समदं बघून न बघितल्यावानी करत आलो. माज्या आईला बी बोलू दिलं न्हाई. मला म्हाईत न्हाई, तवर त्येचं चाललं हुतं ना? आता तुमी माज्या अंगठ्यावर लिव्हून ठिवलं. आता मला म्हाईत हाय."

निवृत्ती सर आले. त्यांना फोनवरून कळलं असावं. शहादेवच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की संघाला याची काहीच कल्पना नव्हती, स्वयंपाकाच्या बाईंनी परस्पर केलं. हे त्यांनी मंगलच्या समोर म्हटलं. मंगलकडं बघून म्हटलं.

पोर तोवर पोत्यांच्या खोलीतून आपली पिशवी घेऊन आलं होतं. तिनं ती स्वतःच भरली होती.

"मावशीनं न्हाई लिव्हलं, आण्णा," ती म्हणाली. "म्या लिव्हाय लावलं."

शहादेवनं तिच्या हातातली पिशवी घेतली. मारलं नाही. माळ उतरून दोघं रस्त्याला लागेपर्यंत मंगल बघत राहिली. दोघांची चाल सारखीच होती.

तक्रार असल्यास

तिघांची समिती बसली. निवृत्ती सर अध्यक्ष. पालकाच्या संमतीपत्रात परस्पर मजकूर भरणे, गोपनीय माहिती उघड करणे. मंगलनं दोन्ही मान्य केलं. कोऱ्या फॉर्मवर अंगठे घ्यायला कुणी सांगितलं, हे समितीनं विचारलं नाही. ते फॉर्मचे गठ्ठे दर दिवाळीला सरच आणून देत.

मग समितीतल्या एका तरुण बाईंनी कागद बघून विचारलं, "तुम्ही मुलांच्या खोलीच्या दारात झोपत होता, ते कोणत्या अधिकारात?"

मंगलला प्रश्न कळला नाही. बाईंनी पुन्हा विचारला. एकवीस वर्षं रात्री तिथून कुणी आत गेलं नाही की बाहेर आलं नाही, असं मंगल म्हणाली. ते टिपणात घेतलं गेलं नाही. तशी नेमणूक नाही, एवढं घेतलं गेलं.

तिला काढलं नाही. तेवढ्या पगारात चाळीस-बेचाळीस लेकरांचा स्वयंपाक करायला दुसरं कुणी तयार नव्हतं. फक्त कागदाला हात लावायचा नाही आणि दारात झोपायचं नाही, असं ठरलं. दारात कॅमेरा लागला.

एप्रिलमध्ये अहवाल छापून आला. जिल्ह्यातील पहिले सर्वसमावेशक किशोर शिबिर. एकूण शिबिरार्थी एकशे त्रेपन्न. इतर, एक. शेजारी त्या दाराच्या पाटीचा फोटो. पुण्यात सत्कार झाला. निवृत्ती सरांच्या खांद्यावर शाल होती.

सत्यमचं नाव शाळेच्या पटावर जूनपर्यंत राहिलं. मग गैरहजर म्हणून गेलं.

शेरा

पुढची दिवाळी. वसतिगृहाच्या पुढं ट्रॅक्टर उभे होते, ट्रॉल्यांत भांडी, पांघरुणं, पाण्याचे ड्रम. ओट्यावर निवृत्ती सरांचा नवा कारकून प्रवीण टेबल लावून बसला होता. पुढं शाईचा पॅड. फॉर्म नवे होते, चार पानी, कोरे. रांग सरकत होती. अंगठा, अंगठा, अंगठा.

मंगल आत भाकरी करत होती.

कडूबाई स्वयंपाकघराच्या दारात आली. धाकट्या पोरीला वसतिगृहात ठेवायला आणलं होतं तिनं. एका हातात धाकटीचा कोरा फॉर्म आणि उजवा अंगठा निळा. शाई लावून झाली होती, कागदावर उमटवायची राहिली होती.

"मला कागदाला हात लावायचा न्हाई," मंगल म्हणाली.

"ह्येला नको लावू. त्ये गेल्या वर्सीचं हाय का तुज्याकडं? माज्या लेकराचं?"

समितीनं झेरॉक्स ठेवून घेतली होती. मूळ कागद कुणालाच नको होता. तो ज्वारीच्या डब्यात, झाकणाच्या आतल्या बाजूला होता. मंगलनं हात पुसले आणि काढला.

"वाच," कडूबाई म्हणाली. "टोळीत हासत हासत वाचला त्यो मुकादम. मला नीट ऐकू न्हाई आलं."

मंगलनं वाचलं. अंजली शहादेव. वय तेरा. इयत्ता आठवी. आवडणारा खेळ, गाठी बांधणं. पोहता येते का, नाही. तिसऱ्या चौकोनाशी ती अडखळली, मग तेही वाचलं.

"पहिल्यापून परत वाच."

मंगलनं पुन्हा वाचलं. या वेळी कडूबाईचे ओठ हलत होते. पहिल्या ओळीपाशी.

बाहेर ट्रॅक्टरवाल्यानं हाक दिली. शहादेवची ट्रॉली फाटकाबाहेर होती. वर पांघरुणांच्या ढिगावर एक उंच झालेलं पोर वसतिगृहाकडं पाठ करून बसलं होतं. केस बारीक कापलेले, अंगात बापाचा पांढरा सदरा. ट्रॉलीवरचं सगळं सामान एका दोरीनं आवळलं होतं आणि त्या गाठी मंगलला लांबूनही ओळखू आल्या.

"कशी हाय?" तिनं विचारलं.

"हाय," कडूबाई म्हणाली. "मोळी लई चांगली बांधतीया."

ती ओट्यावर गेली. प्रवीणनं फॉर्मवरची जागा बोटानं दाखवली. कडूबाईनं फॉर्म त्याच्यापुढं ठेवला आणि म्हणाली, आधी भर, मग वाचून दाव, मग अंगठा देते. प्रवीण म्हणाला, मावशी, मागं चाळीस माणसं आहेत. मागच्या माणसांपैकीही कुणीतरी तेच म्हणालं, कडूबाई, कशापायी येळ लावती. ट्रॅक्टरनं हॉर्न दिला.

कडूबाईनं अंगठा न देताच मूठ मिटली. धाकटीला हाताला धरून ती फाटकाबाहेर गेली. ट्रॉलीवर चढताना वरच्या पोरानं वाकून आधी धाकटीला ओढून घेतलं, मग आईला. कडूबाईनं त्याच्या दंडाला घट्ट धरलं आणि वर जाऊन बसली.

ट्रॉली वळली तेव्हा पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर उमटलेला निळा अंगठा मंगलला स्पष्ट दिसला.