सतरा नंबरची साक्ष

माझ्या कपाळावर पांढऱ्या रंगानं १७ लिहिलंय, मित्रांनो, तेच माझं नाव. चाकणच्या एका कारखान्यात मी गेटपास छापणारा संगणक होतो. जुना झालो, तशी त्यांनी मला पिंपरीच्या एका कॉलेजला देऊन टाकलं. सायबर सुरक्षेच्या लॅबमध्ये! तिथं पाहतो तर काय, सगळ्या मशीनचा पासवर्ड एकच, आणि तो फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला. खाली सूचना: ‘पुसू नये’. धन्य ती सुरक्षा!

थेरगावची तेजस्विनी तीन वर्षं माझ्यासमोर बसली. तिचे वडील, रोहिदास, चाकणला शिफ्टला जायचे. तिची पहिली वेबसाइट माझ्यावरच झाली. बटण दाबलं की ढिम्म काही व्हायचं नाही. “चल ना रे बाबा सतरा,” म्हणत ती माझ्या डोक्यावर टपली मारायची. मी कुरकुरत का होईना, चालायचो. शेवटच्या वर्षी हिंजवडीच्या एका कंपनीनं तिला निवडलं, तेव्हा तिनं पहिला पेढा माझ्यापुढे ठेवला. मला फार बरं वाटलं.

दसऱ्याच्या आठवड्यातली गोष्ट. तेजस्विनी डबा खायला गेली होती. तिच्याच वर्गातला जयदीप माझ्यापुढे येऊन बसला. त्यानं स्वतःचा पेनड्राइव्ह लावला, गुण भरणाऱ्या श्याम सरांचा चोरलेला पासवर्ड टाकला आणि अंतर्गत गुण वाढवले. स्वतःचे वाढवले, आणि संशय नको म्हणून आणखी चौघांचे. त्यात तेजस्विनीचेही. मला ओरडता येत नाही हो! पंखा तेवढा गरगरा फिरवला. त्याकडे कोण लक्ष देतंय?

चोरी दोन दिवसांत उघडकीला आली. सतरा नंबरवरून झाली, आणि सतरा नंबरवर बसते कोण? तेजस्विनी. ती घाबरली, पण शिकलेलं विसरली नाही.

“सर, कुणाचा पेनड्राइव्ह किती वाजता लागला, ते मशीनमध्ये नोंदलेलं असतं. तेवढं बघा ना.”

“सोमवारी समिती बसेल, तेव्हा बघू,” श्याम सर म्हणाले. “तोवर मशीनला कुणी हात लावणार नाही.”

म्हणाले खरे, पण सांगितलं कुणालाच नाही. माझ्यावर साधी चिठ्ठीही चिकटवली नाही.

मध्ये आली खंडेनवमी. आमच्याकडे कारखान्यांत त्या दिवशी मशीन धुऊन पुसून पूजतात. संगणक धुणार कसा? म्हणून लॅबचे ज्ञानदेवमामा दरवर्षी आदल्या दिवशी सगळ्यांना फॉरमॅट मारतात, म्हणजे आतलं सगळं पुसून टाकतात. “देवापुढं मशीन सोच्छ पायजे,” म्हणतात. मामा देवमाणूस. अकराच्या सुमारास त्यांनी मलाही सोच्छ केलं, वर सगळं नव्यानं भरलं. दुसऱ्या दिवशी झेंडूचा हार घातला. मला कुंकू कुणी लावलं, माहितीय? जयदीपनं.

सोमवारी समितीनं मला उघडलं. आत काही नाही. तेजस्विनीनं पुसलेलं परत काढायची शिकलेली सगळी साधनं चालवून पाहिली. काही हाती लागलं नाही.

“मला कुनी बोललंच न्हाई वो,” म्हणत मामा खाली बसले. रोहिदास कंपनीच्या कपड्यांतच धावत आले होते. “सायेब, माझी पोरगी असलं करायची न्हाई.”

“पुरावा द्या,” सर म्हणाले.

तिला वर्षभरासाठी काढलं. हिंजवडीच्या कंपनीनं नावावर काट मारली. जयदीपला नोकरी लागली.

ओळखपत्र परत द्यायला ती आली, तेव्हा माझ्यापाशी थांबली. “तुला माहितीय ना, सतरा?” एवढंच म्हणाली. टपली मारली नाही.

माहितीय गं. सगळं आठवतंय. पण समितीपुढे ठेवता येईल असं माझ्यात काही उरलेलं नाही.

मित्रांनो, यंदा मला हार नको. मशीन पुसण्याआधी फक्त एकदा विचारा, कुणाचं काही आत राहिलंय का. मला विचारून उपयोग नाही, मला बोलता येत नाही. माझ्यासमोर बसणारीला विचारायचं होतं. तिची खुर्ची अजून रिकामी आहे.