अर्जाचा अकरावा खर्डा

तिला सगळा विभाग ‘आजी’ म्हणायचा. वय चौतीस, पण पीएचडीचं नववं वर्ष. तिच्यामागून आलेली पोरं डॉक्टर झाली, बोहल्यावर चढली, टक्कल पडून मोकळी झाली. आजी तिथंच. तिची पाठ खुर्चीसारखी वाकली की खुर्ची तिच्या पाठीसारखी, यावरून शिपायांत दोन तट पडले होते. खोटं वाटत असेल तर त्यांनाच विचारा, अजून बोलत नाहीत एकमेकांशी.

पण महिनाभर आजीला सकाळी उठवत नव्हतं. डोळे उघडायचे, अंग उठायचं नाही. आईचा फोन आला की “जेवले गं, जेवले” म्हणायची. पोटात अन्नाचा कण नसायचा. तेवढ्यात विद्यापीठानं संशोधकांच्या मनःस्वास्थ्यासाठी समुपदेशन कक्ष उघडला. दारावर हसरा सूर्य चिकटवलेला. अट एकच: अर्जावर मार्गदर्शकाची सही.

आजीनं चार ओळी खरडल्या. पहिली होती, ‘मला सकाळी उठवत नाही आणि मला भीती वाटते.’

सर माणूस वाईट नव्हते. हातात कागद आला की लाल पेन आपसूक उघडायचं, एवढंच. पोटच्या मुलीच्या लग्नपत्रिकेवर त्यांनी ‘निष्कर्ष घाईचा’ असा शेरा मारला होता, आणि मेला तो शेरा खरा ठरला.

“भीती वाटते म्हणजे किती? कशाच्या तुलनेत?” सरांनी पहिल्या ओळीवर लाल रेघ ओढली. “याला पुरावा नाही. काढ. आधी या विषयावर कुणी काय लिहिलंय ते बघ.”

“सर, नुसती सही हवी होती.”

“अगं, कागदावर माझं नाव जाणार ना?”

दुसरी कुणी असती तर तिथंच रडली असती, नाहीतर भांडली असती. आजीच्या हाडांत नऊ वर्षांची सवय मुरलेली. “हो सर” म्हणाली आणि खर्डा सुधारायला बसली.

दुसऱ्या खर्ड्यात व्याख्या आल्या. चौथ्यात तक्ते. सहाव्यासाठी तिनं वसतिगृहातल्या बेचाळीस जणांची झोप मोजली. स्वतःची तेवढी धरली नाही, निष्कर्ष एका बाजूला झुकतील म्हणून. अर्ज इतका फुगला की स्टेपलरनं हात टेकले.

“आजी, हा अर्ज आहे का उशी?” शिपायानं विचारलं.

खरंच, दोन दुपारी ती त्याच्यावर डोकं टेकून झोपली. महिन्याभरातली तेवढीच काय ती धड झोप.

अकराव्या खर्ड्यावर सरांनी सही ठोकली. डोळे पाणावले त्यांचे. “प्रबंध असा लिहिला असतास तर केव्हाच सुटली असतीस गं.”

समुपदेशक बाई मायाळू होत्या. त्यांनी पहिलं पान वाचलं, मधली उलटली, शेवटचं वाचलं. मग चष्मा काढला.

“छानच लिहिलंय हो. पण यात तुम्ही कुठं आहात? तुम्हाला काय होतंय?”

आजीनं तोंड उघडलं. “सहा वर्षं उलटलेल्या संशोधकांपैकी अडतीस टक्के…”

“ते राहू दे. तुमचं सांगा.”

आजी मनातल्या मनात ती पहिली ओळ शोधू लागली. तिनंच तर लिहिली होती, तिच्याच हातानं! लाल रेघ लख्ख दिसत होती. रेघेखाली काय होतं ते काही केल्या दिसेना. बाईंनी पाण्याचा पेला पुढं सरकवला.

“पुरेसा पुरावा नाहीये,” आजी शेवटी पुटपुटली.

अर्धा तास संपला. बाहेर रांग होती. बाईंनी वहीत लिहिलं, ‘अभ्यासू मुलगी. विशेष तक्रार नाही.’

दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले. अंग उठलं नाही. आणि पहिली ओळ शब्द न् शब्द आठवली. खोलीत ऐकायला भिंती होत्या.

उशाशी आईचा फोन वाजत होता. हात तेवढा उचलायचा होता.