श्वासोबांचा अंगठा

अतिदक्षता विभागात डॉक्टरांना पाठीमागे सगळे श्वासोबा म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं, किंबहुना आवडतही होतं. उभा जन्म त्यांनी एकाच गोष्टीच्या मागे घालवला होता: व्हेंटिलेटरनं श्वास द्यावा तो माणसाच्या मनासारखा, यंत्राच्या नव्हे. चारचौघांत शेजारच्या माणसाचे श्वास मोजायची त्यांना खोड होती, आणि त्यापायी बायकोनं त्यांना कितीदा तरी कोपरानं ढोसलं होतं.

आता निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि त्यांची नवी पद्धत तयार होती. रुग्णाला पुढचा श्वास कधी हवा हे यंत्रानं आधीच ओळखायचं आणि हवा द्यायची. विभागप्रमुख बाईंची सही झाली की काम फत्ते. बाई त्यांचीच विद्यार्थिनी, तेव्हा सही म्हणजे डाव्या हातचा मळ. पण विभागाचा एक रिवाज होता, आणि तो त्यांनीच घालून दिलेला: पद्धत ज्यानं काढली त्यानं आधी स्वतः मास्क लावून पाव तास तिच्यावर श्वास घ्यायचा. मास्कमध्ये बोलता येत नाही. अंगठा वर म्हणजे ठीक, खाली म्हणजे बंद करा. खाली गेला की पद्धत नापास, आणि दुरुस्तीला आता वेळ कुठे होता?

श्वासोबा कॉटवर ऐटीत पहुडले. बायको त्याच विभागात फिजिओथेरपिस्ट. ती मुद्दाम स्टूल ओढून शेजारी बसली. सुरुवातीला यंत्र शहाण्यासारखं वागलं. अंगठा वर. श्वासोबा मनातल्या मनात निरोपाचं भाषण घोळवू लागले.

"निवृत्त झालात की आधी माळा आवरायचा," बायको म्हणाली. "मग महिनाभर माझ्या भावाकडे. मी कळवलंय त्याला."

श्वासोबांनी लांबलचक उसासा सोडला. हा प्रकार यंत्राच्या गावीही नव्हता. त्यानं मध्येच हवा अशी दामटली की डॉक्टरांचे गाल फुगले आणि अलार्म बोंबलू लागला. हरकत घ्यायला त्यांनी तोंड उघडलं, तर यंत्रानं पुन्हा हवा कोंबली. बायको खो खो हसली. तिला पाहून त्यांनाही हसू फुटलं, पण तेही यंत्रानं गिळायला लावलं.

"सर, बरं वाटतंय ना?" बाईंनी पेन उघडत विचारलं.

अंगठा वर. निव्वळ हट्टानं. थोडाच वेळ काढायचा राहिला होता. पण मास्कमागे डॉक्टरांचा जीव थाऱ्यावर नव्हता. यंत्राला शिकवायला बारा वर्षं त्यांनी ज्यांच्या श्वासांच्या नोंदी गोळा केल्या, ती सगळी माणसं औषधानं झोपवलेली होती. झोपलेलं माणूस हसत नाही, वैतागत नाही, मेव्हण्याकडे जायला नकार देत नाही. जागं झालेल्याचं काय, हे त्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं. पलीकडच्या कॉटवरचा म्हातारा आज जागा होऊ लागला होता. नळी ओढू नये म्हणून त्याचे हात मऊ पट्ट्यांनी बांधलेले होते. ही पद्धत उद्या त्यालाच लागणार, आणि त्याला अंगठा खाली वळवताही येणार नव्हता. डॉक्टरांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

अंगठा खाली गेला.

"सर, पाव तास होतच आला होता हो," मास्क काढताना बाई हळूच म्हणाल्या.

"झाला असता तर तू सही केली असतीस. नापास लिही. अक्षर मोठं काढ."

बाईंनी लिहिलं. डॉक्टर कॉटवर उठून बसले. इतकं पडलेलं तोंड बायकोनं कधी पाहिलं नव्हतं. तिला भरून आलं, आणि भरून आलं की ती दटावायची.

"सरका. मला झोपू द्या तिथे."

"तू कशाला?"

"जागं माणूस हवंय ना? लावा मास्क. भावाला मी सांगते, येत नाही म्हणून."

मास्क लागला, आणि ती लगेच आतून काहीतरी ठासून सांगू लागली. अलार्म पुन्हा बोंबलला.

"सर, या यंत्राला नेमकं शिकवायचं तरी काय?" बाईंनी विचारलं.

"ही बोलत असली की गप्प बसायचं," डॉक्टर म्हणाले. "पण ते अजून मलाच कुठे येतंय?"