सहा लाल तारखा

मित्रांनो, मी एक जुने कॅलेंडर आहे, गेल्या सालचे. पणदऱ्यात दत्तोबांच्या गोठ्याशेजारच्या भिंतीवर आहे. दत्तोबांच्या बायकोच्या, सारजाबाईंच्या वर्षश्राद्धाला गुरुजींनी तिथी विचारली, म्हणून सून दिपालीने मला चाळले. त्याच दिवशी चोरी कळली.

माझा जन्म छापखान्यात झाला. खताच्या दुकानातून मी फुकट आलो. सारजाबाई माझ्या चौकोनांत दूध मांडत. माहेरच्या जमिनीतल्या हिश्शासाठी त्यांचा इंदापूरच्या कोर्टात दावा होता. कधी सोमवारी, कधी मधल्या वारी विजयसिंह वकिलाचा फोन येई. काल तारीख झाली, मी उभा राहिलो, दोन हजार पाठवा. बाई कालच्या चौकोनात 'तारीख' लिहीत. वकील माहेरच्या गावचा, त्याला त्या भाऊ म्हणत, म्हणून पावती मागितली नाही. पैसे दत्तोबाच पोचवत. तीन ठिकाणी बाईंनी पुढच्या दिवसाचा 'दवाखाना' खोडला आहे; ते पैसे तारखेला गेले. भाद्रपदानंतर माझे चौकोन कोरे आहेत.

दिपालीने अकरा तारखा मोजल्या आणि थांबली.

"आबा, ह्यातल्या सहा लाल हायत. रविवारी कोर्ट असतंय व्हय?"

दत्तोबांनी माझ्यावरचे लाल आकडे जवळून बघितले. मग म्हणाले, "म्हशीला रविवार नसतो, पोरी. आमी रंग बघितलाच न्हाय."

दुसऱ्या दिवशी ते मला गुंडाळून इंदापूरला घेऊन गेले. वकिलाने चहा मागवला. पैसे परत मागताच तो हसला.

"दत्तोबा, कॅलेंडर म्हंजे पुरावा न्हाय. ह्याच्यावर दूध मांडा."

"तेच मांडलंय, वकीलसाहेब. कुणी किती प्यालं, ते."

दत्तोबा चहा न पिता उठले. हा वकील चोर आहे, आणि काळा कोट घालून आजही कोर्टात उभा राहतो. मला त्याची कीव येत नाही.

दिपालीने बार कौन्सिलकडे तक्रार लिहिली. वकिलाची सनद काढून घ्या, एवढेच दत्तोबांनी मागितले. शिस्त समितीने उत्तर पाठवले. झेरॉक्स चालणार नाही, मूळ कॅलेंडर जमा करा.

तिथे सगळे अडले आहे. सारजाबाईंच्या हातचे अक्षर घरात दुसरीकडे कुठेच नाही. दत्तोबा मला खिळ्यावरून काढतात, बाईंच्या अक्षरावर बोट ठेवतात आणि परत टांगतात.

मित्रांनो, तारीख सांगणाऱ्याला वार विचारा. भाऊ म्हटले तरी पावती घ्या. आणि दत्तोबा, माझे ऐकू आले तर ऐका. अक्षर जपायचे तर ते कामाला लावा. मला पाठवा.

समितीची मुदत येत्या शुक्रवारी संपते. मी अजून भिंतीवरच आहे.