घडवणाऱ्यांच्या दारी

मी एक फ्रीज आहे. सध्या जुनी यंत्रं सुटी करणाऱ्या कारखान्याच्या पत्र्याखाली उभा आहे. शेजारी माझ्यासारखेच पुष्कळ जण आहेत, पण वीज नसली की आम्हाला एकमेकांशी बोलता येत नाही.

करी रोडच्या चाळीत सीताराम आणि कमळाबाईंनी मला आणलं. तिसऱ्या मजल्यावर तेव्हा मी एकटाच फ्रीज. कुणीही यायचं, "काकू, एवढी कोळंबी ठेवता?" म्हणायचं. चौदा एप्रिलला माझ्या पोटात सरबताच्या बाटल्या दाटीवाटीने बसायच्या. दाराच्या वरच्या कप्प्यात मात्र फक्त सीतारामांचं इन्सुलिन. सीताराम गेल्यावरही कमळाबाईंनी तो कप्पा भरला नाही.

पुढे माझा कॉम्प्रेसर बसला. त्यातच चाळ पाडायची ठरली. अमितने, त्यांच्या मुलाने, भंगारवाल्याला बोलावलं.

"पाइप कापून कॉम्प्रेसर काढतो. बाकी डबा शिवडीला टाकून देऊ," भंगारवाला म्हणाला.

"आणि आतला गॅस?" सूनबाई सीमाने विचारलं.

"उडून जातो, ताई."

"हवेतच ना? मग नको. ज्यांनी फ्रीज बनवला, त्यांना नेऊ दे."

"अगं, ते कशाला येतील?" अमित वैतागला.

"कायदा आहे तसा."

सीमाने कंपनीला फोन लावला. "नवीन घेताय का मॅडम?" नाही म्हटल्यावर पलीकडचा आवाज थंड पडला. आज येतो, उद्या येतो, असं चाललं. दरम्यान खोल्या रिकाम्या झाल्या. घरचेही भाड्याच्या जागेत गेले. मजल्यावर मी एकटा उरलो. रात्रंदिवस घरघरणारा मी, आणि आता माझ्याभोवती इतकी शांतता.

सीमाने फोन सोडला नाही. "विकायला आलात तेव्हा पत्ता बरोबर सापडला होता ना?" असं तिने सुनावलं म्हणे. शेवटी टेम्पो आला.

कमळाबाई सुनेचा हात धरून तीन जिने चढून आल्या. मला उतरवताना म्हणाल्या, "सांभाळून रे, पोचा पडेल."

"आजी, हा तोडायलाच चाललाय," टेम्पोवाला म्हणाला.

"माहितेय मला. तरी."

आता इथे माझा गॅस नीट काढून घेतील, तांबं, लोखंड वेगळं करतील. त्याची भीती नाही. मला घडवणाऱ्यांनो, एवढंच मागतो, की माझ्यामागून येणाऱ्यांना न्यायला कुणाला इतके फोन करायला लावू नका.

इथली माणसं चांगली आहेत. फक्त येता-जाता उगाचच दार उघडून आत डोकावणारं कुणी नाही.