वेसाव्यातून उपसलेला बर्फ

मी माझ्या लेकीशी बोलत नव्हते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला शहाणपण शिकवायला नको. सदतीस दिवस झाले होते. तिचा फोन यायचा, आमचे हे बोलायचे, मी शेजारी बसून कोळंबी सोलत ऐकायचे आणि मधूनमधून "सांगा तुमच्या लेकीला" म्हणून निरोप धाडायचे.

भांडण दसऱ्याचं. मी तिला फोनवरून पूजा कशी मांडायची ते सांगत होते, छान हसतखेळत चाललं होतं, आणि मध्येच ती म्हणाली, "आई, सिद्धेशच्या लग्नाला बहुतेक जमणार नाही गं. रजा मिळत नाहीये." सख्ख्या भावाचं लग्न! नवऱ्यामागे करा-दिवा घेऊन उभं कोण राहणार, कॅनडातला बर्फ? माझं टाळकंच सरकलं. "करवलीशिवाय लग्न लागत असेल तर लागू दे," म्हटलं आणि फोन यांच्या हातात कोंबला.

मग पोरीनं साहेबाशी भांडून रजा मिळवली, तिकिटं काढली. मला यांच्याकडून कळलं. आनंद झाला, का खोटं बोलू? पण आपणहून फोन हातात घ्यायचा म्हणजे नाक खाली. चाळीस वर्षं अंधेरीच्या बाजारात मासळी विकली मी, एकदा सांगितलेला भाव कधी खाली आणला नाही. म्हटलं, येईल तेव्हा बोलू.

तर गुरुवारची संध्याकाळ. आमच्या वेसाव्यात गल्लीभर मांडव पडलेला, शनिवारी हळद. नमिता आणि जावई त्यांच्याकडच्या दुपारी दोनच्या विमानात बसणार आणि शुक्रवारी रात्री इथे उतरणार. साडेसहाला फोन वाजला. तिकडे सकाळचे आठ. फोनमध्ये बघते तर पोरीचं नुसतं नाक दिसतंय, बाकी सगळी कोटात, आणि मागे पांढरी भिंत.

"बाबा, वाट लागली! रात्रभर बर्फ पडलाय. गाडी गॅरेजमधून बाहेरच काढता येत नाही. दोन टॅक्सीवाल्यांनी नाही म्हटलं. दहाला निघालो नाही तर विमान गेलं."

"आणि ते जुनं मशीन घेतलंत ना सप्टेंबरात, त्या म्हाताऱ्याकडून? बर्फ उडवायचं?"

"तेच चालू होत नाहीये! या वर्षी पहिल्यांदाच बाहेर काढलं."

माझ्या हातातली कोळंबी सटकली. "सांगा तुमच्या लेकीला, फावडं घ्या म्हणावं."

"आईला सांगा, कृणालनं अर्धा तास फावडं मारलं, आता त्याला सरळ उभं राहता येत नाहीये."

कृणाल म्हणजे आमचा जावई, बोरीवलीचा गुजराती. माणूस सोन्यासारखा, पण बोंबील बघितला की पांढरा पडतो. तो मागे कमरेवर हात ठेवून वाकडा उभा होता, हातात मशीनबरोबर मिळालेलं पुस्तक.

आमचे हे, हरेश्वर, एकदम ताठ बसले. जन्मभर होड्यांची इंजिनं दुरुस्त केली या माणसानं. लांबून खोकणारं इंजिन ऐकून कुणाची होडी आणि काय दुखतंय ते सांगायचे. दोन वर्षांपूर्वी हात थरथरायला लागले तसे पाने गुंडाळून ठेवले, आणि तेव्हापासून घरातले पंखे नि माझं डोकं, एवढंच खोलत बसतात. त्यांनी चष्मा चढवला. "बाय, फोन मशीनजवळ ने."

"बाबा," कृणाल म्हणाला, "पुस्तकात पहिल्या पानावर लिहिलंय की..."

"पुस्तक ठेव बाजूला! इंजिन पुस्तक वाचून चालत नाही. पेट्रोल कधीचं आहे?"

पेट्रोल टाकीत तसंच पडलेलं, विकणाऱ्या म्हाताऱ्याच्या वेळचं. "शिळं पेट्रोल म्हणजे शिळी मासळी," हे म्हणाले. जुनं काढायला लावलं, डब्यातलं ताजं ओतायला लावलं. नळी उघडी का बघितलं. चोक ओढला. नमितानं दोरी ओढली. फुर्र. गप्प. परत ओढली. फुर्र. इकडे हे तिच्याबरोबर हवेत दोरी ओढत होते. तिसऱ्यांदा कोपर लागून माझी कोळंबीची परात खाली गेली.

"सांगा तुमच्या लेकीला," मी ओरडले, "वापरायच्या आधी एकदा चालू करून बघायला काय झालं होतं? जावयाला सांगा, नुसता कॉम्प्युटर येऊन काय उपयोग!"

"आईला सांगा, ओरडून बर्फ वितळला असता तर एव्हाना वितळला असता!"

"गप बसा दोघी!" हे गरजले. माझ्यावर! पण त्या दिवशी मी गप्प बसले. डोळ्यांसमोर पाटावर बसलेला सिद्धेश आणि त्याच्या मागची रिकामी जागा दिसत होती. मला रडू यायला लागलं होतं आणि ते मी रागात लपवत होते, झालं.

मग प्लग काढायला लावला. ओला होता. "म्हणजे पेट्रोल पोचतंय," हे म्हणाले. तो पुसायला लावला, वायरला जोडून इंजिनाच्या लोखंडाला टेकवायला लावला आणि दोरी ओढायला लावली. सगळे डोळे फाडून बघत होतो. काही नाही.

"ठिणगीच नाही. करंट कुठेतरी अडलाय. बाय, फोन सावकाश मशीनच्या भोवती फिरव. थांब! ही फट कसली? इथे काय बसतं?"

कृणालनं घसा साफ केला. "तेच तर सांगत होतो बाबा. पहिलं पान. किल्ली लावा. तुमच्या जुन्या होड्यांना नसते म्हणाल, पण याला असते. म्हाताऱ्यानं दाखवलं तेव्हा तिथे काहीतरी लाल होतं."

लाल.

दसऱ्याच्या दिवशी नमिता म्हणाली होती, नव्या मशीनची पूजा करायची, पण गॅरेजात थंडी, वारा, दिवा टिकत नाही. आणि मी म्हटलं होतं, मग मशीनचं एखादं सुटं काहीतरी घरात आण, देव्हाऱ्यात ठेव, हळदकुंकू वाहा. आमच्याकडे यांचे पाने तसेच ठेवतात. दसऱ्याला मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी घरातली मोठी बाई सांगेल तेव्हाच हलवायचं, ही माझ्या सासूची शिस्त. तेही बजावलं होतं: मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही.

त्यानंतर भांडण झालं आणि मी सांगितलंच नाही.

तिकडे साडेनऊ होत आले होते. क्षणभर वाटलं, यांच्या कानात सांगावं, निरोप जाईल. मग माझीच मला लाज वाटली. मी फोन हिसकावून घेतला.

"नमे."

सदतीस दिवसांनी तिनं माझं तोंड बघितलं, मी तिचं. नाक लालभडक झालं होतं पोरीचं.

"देव्हाऱ्यात बघ गो. दसऱ्याला ठेवलंस ते."

"ते लाल? पण तू म्हणालीस ना, मी सांगेपर्यंत हलवू नकोस?"

"अगं, मग?"

"मग तू सांगितलंच नाहीस." तिनं बाहीनं नाक पुसलं. "रोज त्याच्या बाजूनं पुसते. म्हटलं, आई फोनवर येईल तेव्हा विचारीन. नंतर ते कशाचं आहे तेच विसरले."

"अरे देवा!" मागून कृणाल. "मी रोज त्याला नमस्कार करतोय. मला वाटलं, तुमच्या कोळ्यांचा देव आहे!"

हे एवढे हसले की चष्मा पडला. मी हसले नाही.

"आई, उचलू?"

"उचल गो बाय, उचल. आई सांगते ना." आणि मग मी रडलेच, मांडववाल्यांच्या देखत.

किल्ली बसली, प्लग बसला. दोन वेळा फुर्र, आणि तिसऱ्या वेळी धडधडलं! यांनी फोन कानाला लावला, डोळे मिटले. "जरा खोकतंय, पण पोचवेल," म्हणाले. जावयानं घाईत मशीनचं तोंड उलटं फिरवलं आणि पहिला बर्फ स्वतःच्याच गाडीवर उडवला. "तोंड फिरव!" वेसाव्यातून आम्ही दोघं ओरडलो. दहा वाजून पाच मिनिटांनी गाडी रस्त्यावर होती.

शनिवारी सिद्धेशला हळद लागली, रविवारी लग्न, आणि त्याच्यामागे करा-दिवा घेऊन माझी करवली. जावयानं बोंबलाकडे पाठ करून जेवण केलं.

सोमवारी नमितानं कोटाचा खिसा उलटा केला तर ती लाल किल्ली बाहेर पडली, घाईत तशीच आलेली. तिनं ती आमच्या देव्हाऱ्यात बाबांच्या पान्यांशेजारी ठेवली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "आता तू सांगशील तेव्हाच उचलायची."

परतीचं तिकीट दहा तारखेचं आहे. आज नऊ. मी अजून काही सांगितलेलं नाही.