दोन नाणी, एकच तुटकं नाक

पुणतांब्याजवळ राहीबाईच्या रानात जत्राच लोटली होती. अकरा दिवसांपूर्वी गुप्तधन काढून देणाऱ्या यज्ञेश्वरबुवांनी इथंच एक ढेकूळ फोडलं आणि आतून हिरवंगार नाणं निघालं. वर पानांचा मुकुट घातलेला राजा, भोवती काजळी धरलेली अक्षरं.

"देवलिपी हाय! माझ्याबिगर कुनाला वाचता यायची न्हाई," बुवा गरजले. "खाली सोन्याचे सात रांजन हायेत. आता सोन्यानं सोनं बोलवायचं!"

राहीबाईनं गळ्यातली बोरमाळ दिली. बुवांनी ती लाल फडक्यात बांधून पुरली. एकवीस दिवस उकरायचं नाही.

बांधापलीकडे धाकटी जाऊ बनुबाई जळत होती. वाटणीत विहिरीकडचा तुकडा थोरलीला, आता राजाही थोरलीलाच! "माझं रान काय वांझ हाय व्हय?" म्हणत तिनं बुवांना गाठलं. बुवांनी तिच्याही रानात ढेकूळ फोडलं. राजा निघाला. आज तिची सोन्याची पोत पुरायची होती.

पण तिला आपलं नाणं जावेच्या नाण्याहून मळकं वाटलं. हंडा घासतात तशी चिंच-मीठ लावून तिनं ते घासलं. हिरवा रंग बोटांवर उतरला. राजाचं नाक तुटकं निघालं, तशी ती चरफडली. "थोरलीचा राजा तरी कुठला देखणा असनार?" म्हणत तिनं जावेच्या देव्हाऱ्यातलं नाणं उचललं. त्याचंही नाक तुटकं! बनुबाई खूश झाली. मग राजाच्या कानामागची खोच दिसली. दोन्हीकडे तीच. तिचं हसू विरलं.

दोन्ही नाणी मुठीत धरून ती रानात आली. गर्दीत शाळेच्या दमयंतीबाई होत्या. "बाई, दोन राजांचं नाक एकाच जागी कसं तुटतं वो?"

शेजारून बनुबाईची दहावीतली लेक ज्ञानेश्वरी डोकावली. "आई, ही कसली देवलिपी? आयएमपी लिवलंय! गाईडात प्रश्नापुढं असतं तसं."

गर्दी खदखदली. दमयंतीबाई म्हणाल्या, "इंग्रजीची अक्षरं रोमनच. आयएमपी म्हणजे इंपरेटर, रोमच्या बादशहाची पदवी. अशी अस्सल नाणी असतात. पण दोन नाण्यांची झीज अशी हुबेहूब नसते. ही एकाच साच्यातली नक्कल आहे."

"पाखंडी बाई! घराला शाप लागंल!" म्हणत बुवा झोळी उचलून निघाले. बनुबाईनं झोळी हिसकून उपडी केली. तीन ढेकळं पडली. फोडली तर तीन तुटकी नाकं! तळाला बोरमाळ. पुरलेलं फडकं उकरलं, तर आत गारगोट्या. बुवांनी गाठोडं पुरतानाच बदललं होतं. कुणीतरी पोलिसांना फोन लावला.

राहीबाईचे डोळे भरून आले. "बने, माझ्यासाठी येवढं केलंस?"

"न्हाई, जाऊबाई. तुमच्यापरीस माझं नानं चकाकावं म्हनून घासलं."

राहीबाई रडता रडता हसली. "मग अशीच जळत जा बाई!"

जळणं वाईटच. पण त्या दिवशी त्या रानात नाणं घासून, शेजारी ठेवून पाहिलं ते एकट्या बनुबाईनं. तेवढ्यासाठी मत्सर कशाला हवा? चिंच प्रत्येकाच्या घरात असते. चमत्काराला हात लावू नका असं कुणी सांगितलं, की गळ्यातलं काढण्याआधी तो घासून पाहा.